'कोट' म्हणालो की 'गोट' ऐकू येतं : चिनी भाषकांना इंग्रजी शिकवताना या चुका टाळा

पुण्यातून ऑनलाइन शिकवायला लागलो त्याला जेमतेम पंधरा दिवस झाले असतील. चीनमधल्या सुचौ शहरातल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात काम करणारा माझा विद्यार्थी मध्येच थांबला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "लाओशी (म्हणजे गुरुजी), तुमच्याकडे थंडीत शेळी अंगात घालतात?" मी 'कोट' म्हणालो होतो. त्याला 'गोट' ऐकू आलं होतं. मी पुन्हा म्हणालो, मग मोठ्याने म्हणालो. शेळी काही हलेना.

त्या शेळीचा उलगडा पुढे करतो. आधी पोटापाण्याच्या चुका, कारण त्या खिशाला लागतात.

पासपोर्ट न बघता नोकरी शोधणं

"शिक्षण इंग्रजी माध्यमात झालंय, बोलणं फर्डं आहे, मग चीनमध्ये इंग्रजी शिक्षक का नाही होता येणार?" हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. उत्तर कडू आहे. तिथे परदेशी माणसाच्या वर्क परमिटची आजची पद्धत एप्रिल २०१७ पासून देशभर लागू आहे. तिच्यात भाषाशिक्षकाने स्वतःची मातृभाषा शिकवावी आणि तो पदवीधर असावा, अशी अपेक्षा आहे. शिवाय सहसा दोन वर्षांचा अनुभव. प्रत्यक्षात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका एवढेच देश इंग्रजीसाठी धरले जातात. इंग्रजी भारताची सहभाषा असली तरी त्या टेबलावर त्याचा उपयोग होत नाही. हे अन्यायाचं आहे का? माझ्या मते आहे. पण अन्याय आहे म्हणून फाइल पुढे सरकत नाही.

इथेच एजंट शिरतो. "बिझनेस व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बदलून देतो." हे वाक्य कानावर पडलं की फोन ठेवा. कामासाठी झेड व्हिसाच लागतो, आणि तो वर्क परमिटचं सूचनापत्र हातात आल्यावरच मिळतो. पोहोचल्यावर तीस दिवसांच्या आत रहिवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. परवान्याशिवाय काम करताना सापडलात तर ५,००० ते २०,००० युआन दंड, आणि प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवस कोठडी. मालकालाही दंड होतो, पण कोठडीत तुम्ही बसता.

गणित किंवा विज्ञान शिकवणाऱ्यांचा रस्ता मात्र वेगळा आहे. मातृभाषेची अट भाषाशिक्षकांसाठी आहे. आंतरराष्ट्रीय शाळेत इंग्रजीतून भौतिकशास्त्र शिकवायला पदवी, अनुभव आणि पोलिसांचा दाखला लागतो. बीएड करून दहावी-बारावीला विज्ञान शिकवणाऱ्यांनी 'इंग्रजी शिक्षक' या जाहिरातींमागे धावण्यापेक्षा इकडे बघावं.

कागदपत्रांत एक खड्डा आहे. एका देशाची प्रमाणित कागदपत्रं दुसऱ्या देशाने थेट मानावीत यासाठीच्या अपोस्टील करारात चीन नोव्हेंबर २०२३ पासून आहे, भारत त्याआधीपासून आहे. पण या दोन देशांमध्ये आपसात तो करार लागू नाही. त्यामुळे "अपोस्टील करून घेतलं, झालं काम" असं समजू नका. राज्याचा शिक्का, परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणि मग चिनी बाजूचं प्रमाणीकरण, ही जुनी वाट अजून चालावी लागते.

२०२१ च्या आधीचे सल्ले आज पाळणं

यूट्यूबवर अजून फिरणारे 'घरबसल्या चिनी मुलांना शिकवा' छाप व्हिडिओ बहुतेक जुन्या जगातले आहेत. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने शाळकरी मुलांवरचं गृहपाठाचं आणि शिकवण्यांचं ओझं कमी करण्याचं धोरण आणलं. शालेय विषयांच्या नफ्यातल्या शिकवण्या बंद झाल्या, आणि परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून अशी शिकवणी चालवण्यावरही बंदी आली. व्हीआयपीकिडसारख्या कंपनीला परदेशी शिक्षकांचे तास त्याच वर्षी थांबवावे लागले. आज कोणी तुम्हाला चीनमधल्या तिसरी-चौथीच्या मुलांचे ऑनलाइन वर्ग देऊ करत असेल आणि 'नोंदणी शुल्क' मागत असेल, तर सावध.

काम संपलेलं नाही, सरकलं आहे. प्रौढ विद्यार्थी आहेत: आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणारे, नोकरी बदलणारे, भारतीय पुरवठादारांशी रोज फोनवर बोलणारे. शेवटच्या गटाला तर भारतीय उच्चार समजून घ्यायचेच असतात. माझा सुचौचा गडी त्यासाठीच आला होता. सिंगापूर आणि मलेशियातली चिनी कुटुंबं आहेत. आपल्याच रांजणगावात हायर या चिनी कंपनीचा कारखाना आहे. चिनी भाषक शोधायला दर वेळी विमानात बसावं लागत नाही.

प्रमाणपत्राबद्दल एकच सांगतो. स्वस्तातली तीन ऑनलाइन प्रमाणपत्रं घेण्यापेक्षा असा एक अभ्यासक्रम करा, ज्यात कोणीतरी मागे बसून तुमचा तास बघतं. केंब्रिजच्या सेल्टामध्ये असे सहा तास शिकवावं लागतं. महाग आहे, पण त्या सहा तासांत आपल्या सवयी उघड्या पडतात.

आता ती शेळी

मराठीत प आणि फ, क आणि ख यांत फरक फक्त हवेचा आहे. चिनीत अगदी तेच. पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायच्या पद्धतीत, 'बी' लिहितात तो आपला प, आणि 'पी' लिहितात तो हवा सोडून म्हटलेला प, म्हणजे जुन्या वळणाचा फ. इंग्रजही 'पेन', 'टेन', 'कोट' म्हणताना पहिल्या अक्षरावर हवा सोडतो. आपण सोडत नाही. आपला 'कोट' कोरडा असतो, आणि कोरडा क चिनी कानाला ग वाटतो. म्हणून कोटाची शेळी होते, 'टाउन'चं 'डाउन' होतं आणि 'पेअर' म्हणजे नासपती सांगितली की समोर अस्वल उभं राहतं.

आवाज वाढवून हे सुटत नाही. तोंडासमोर तळहात धरा आणि हवा लागेपर्यंत म्हणा. 'खोट' म्हणायला निघालात आणि वाटेत थोडं आवरलं, की बरोबर जागी पोहोचता. 'स्पून', 'स्टेशन'मध्ये मात्र आपला कोरडा उच्चारच बरोबर आहे, तिथे हात लावू नका.

ही गोष्ट उलटही फिरते. विद्यार्थी 'बिग' म्हणतो आणि आपल्याला 'पिग' ऐकू येतं, कारण चिनी 'बी'ला घोष, म्हणजे गळ्यातला कंप, नसतो. 'बेइजिंग' हा शब्द तिथल्या माणसाच्या तोंडून ऐका, आपल्या कानाला तो 'पेइचिंग' लागेल. अशा वेळी "चूक, पुन्हा म्हण" असं दहा वेळा करणारे शिक्षक मी पाहिलेत. विद्यार्थ्याला वाटतं तो बरोबरच म्हणतोय, आणि त्याच्या कानाने तो बरोबरच असतो.

जिथे दोघेही सारखेच चुकतो

हा भाग मला सगळ्यात उशिरा कळला. मराठी आणि चिनी माणूस काही ठिकाणी इंग्रजीत अगदी एकसारखे घसरतात, आणि तिथे शिक्षकाला चूक ऐकूच येत नाही.

आपण 'जरी... तरी' म्हणतो, चिनीत 'स्वेइरान... तानशी' म्हणतात. दोघेही इंग्रजीत 'ऑल्दो' म्हणून पुढे 'बट' जोडून मोकळे. "तुझ्याकडे पुस्तक नाही?" याला आपण "हो, नाही" म्हणतो, तेही तसंच म्हणतात. इंग्रजीत त्या 'येस'चा अर्थ उलटा होतो. 'अ' आणि 'द' ही उपपदं ना त्यांच्या भाषेत, ना आपल्या. आणि व! आपला एकच व, त्यांच्याकडे ओठ गोल करून म्हणायचा तेवढा आहे, दात ओठांवर टेकवायचा नाही. मी वर्षभर 'व्हेरी वेल' शिकवत होतो आणि आम्ही दोघेही चुकत होतो, अगदी आनंदात.

उपाय कंटाळवाणा आहे. स्वतःचा तास रेकॉर्ड करा आणि फक्त या चार गोष्टींसाठी ऐका. पहिल्यांदा ऐकताना लाज वाटते.

हीच जवळीक दुसरीकडे कामालाही येते. चिनी मोजणी दहा हजारांवर वळते. 'वान' म्हणजे दहा हजार, 'यी' म्हणजे दहा कोटी. एक लाख म्हणजे दहा वान. मिलियनपाशी ते अडखळतात तेव्हा अमेरिकन शिक्षकाला त्यात अवघड काय ते कळत नाही. आपल्याला कळतं, आपणही तिथेच अडखळलो होतो. मी त्यांना शून्यं मोजायला न सांगता स्वल्पविराम मोजायला सांगतो : एक असेल तर थाउजंड, दोन असतील तर मिलियन.

ज्या चुका अज्ञानाच्या नसतात

विद्यार्थी आईबद्दल इंग्रजीत बोलताना 'शी'च्या जागी 'ही' म्हणतो, बायकोला 'हिज' जोडतो. नियम त्याला ठाऊक आहे. चिनीत तो, ती, ते लिहिताना वेगळे, पण बोलताना तिन्ही 'था'. त्यामुळे लिहिताना तो बरोबर असतो आणि तोंड उघडलं की गोंधळ. इथे व्याकरण समजावत बसू नका. घरातल्यांचा फोटो समोर ठेवून दोन मिनिटं बोलायला सांगा, चुका टिपून ठेवा आणि शेवटी दाखवा.

शब्दाच्या शेवटचं व्यंजनही असंच. चिनी अक्षर स्वरावर, न किंवा ङवर, फार तर रवर संपतं. म्हणून 'गुड'चं 'गुडअ' होतं किंवा ड गळून जातो. तो ड पुढच्या शब्दाला बांधून द्या, 'गु-डाफ्टरनून'. तिकडे मात्र तो सहज निघतो.

आणि 'समजलं का?' असं विचारू नका. सगळे 'ओके' म्हणतील. नाही म्हणणं म्हणजे आपला आणि शिक्षकाचा, दोघांचाही मान घालवणं. त्याऐवजी आधी चॅटमध्ये एक वाक्य लिहायला सांगा, मग वाचायला, मग न बघता बोलायला. आयईएलटीएसवाल्यांचा घोळ उलटा असतो, ते पाठ केलेलं उत्तर धाडधाड बोलतात. मध्येच एक साधा प्रश्न टाका, "तुझ्या घराखाली काय विकतात?" खरं इंग्रजी तिथे दिसतं.

दोन्हीकडे बंद दारं

व्हॉट्सॲप, यूट्यूब, गूगल डॉक्स तिकडे उघडत नाहीत. वीचॅट या तिकडच्या मेसेजिंग ॲपवर भारताने जून २०२० मध्ये बंदी घातली, म्हणजे ते इकडे नाही. पहिल्या तासाला हे कळलं तर तास गेला. दोघांकडे चालणारं काय आहे ते आदल्या दिवशी पंधरा मिनिटं बसून तपासा, आणि पानं पीडीएफ करून ईमेलने आधीच पाठवा.

थोडी चिनी शिका. निदान पिनयिन आणि नावं. आडनाव आधी येतं, 'एक्स' म्हणजे श, 'क्यू' म्हणजे छच्या जवळचा, आणि 'झेड' म्हणजे चक्क आपल्या चमच्यातला च. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये गेले आणि तिथली भाषा शिकले. आपल्याकडे तर घरात इंटरनेट आहे.

वेळापत्रकाचंही बघा. बेइजिंग आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. त्यांचे संध्याकाळचे सात ते नऊ म्हणजे आपले साडेचार ते साडेसहा, तेव्हा दिवसाची नोकरी सांभाळून हे जमेल असं धरून चालू नका. चिनी नववर्षाला, म्हणजे जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत, दोन-तीन आठवडे कोणी फिरकत नाही. ऑक्टोबरचा पहिला आठवडाही रिकामा. मी पैसे दहा तासांचे आगाऊ घेतो आणि फेब्रुवारीचा घरखर्च डिसेंबरमध्येच बाजूला काढून ठेवतो.