जुनी बाईक ८० च्या वर हँडल हलवते? आधी हे बघा

हायवेला ८० च्या वर गेलं की हँडल थरथरायला लागतं, तेव्हा गॅरेजवाला लगेच कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बदलू म्हणतो, पण जरा थांबा, आधी फुकटातलं बघून घ्या. टायर थंड असताना हवा चेक करा, आणि टायर मधोमध चपटा झालाय का ते बघा, झाला असेल तर नक्षी शिल्लक असली तरी तो गेलाच समजा. स्पोक एकेक करून पान्याने टिचकी मारून ऐका, सैल असलेला भद्द वाजतो.

मग मेन स्टँडवर पुढचं चाक अधांतरी करून फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) खालून धरा नि पुढे-मागे ओढा. खटखट जाणवली तर कोनसेट ढिला आहे, टाईट करून भागतं. पण हँडल हळू फिरवताना बरोब्बर मध्ये अडकल्यासारखं होत असेल तर रेसला (बेअरिंगच्या गोळ्या फिरतात त्या कड्यांना) खड्डे पडलेत, तिथे आवळून काही होत नाही, सेटच नवीन टाका.

मागचं चाक आडवं हलवून बघायला लोक हमखास विसरतात. चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे) बुश, म्हणजे सांध्यातल्या नळ्या, गेले असले की त्रास हँडलला जाणवतो आणि आपण पुढेच शोधत बसतो (माझे दोन रविवार यातच गेले). चेन टाईट करताना मागच्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या आहेत ना तेही बघा.

आणि चालू गाडीत वॉबल (हँडलची जोरात थरथर) आलाच तर ब्रेक दाबू नका, हँडल घट्ट आवळू नका, टाकी गुडघ्यांनी धरून ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा.