पायथनच्या फाइलीत एसक्यूएल, मार्कडाउनमध्ये जावास्क्रिप्ट: आतल्या कोडला नीट रंग कसे द्यायचे

पायथनच्या फाइलीत 50 ओळींची एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा) क्वेरी आहे आणि ती वरपासून खालपर्यंत एकाच रंगात दिसतेय, सिलेक्ट पण तोच रंग, टेबलचं नाव पण तोच, मग राहून गेलेला कॉमा शोधायचा कसा. एडिटरचं यात काही चुकत नाही, त्याच्या लेखी ती फक्त एक स्ट्रिंग, म्हणजे कोटांमधला मजकूर आहे. त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात, आतली भाषा कुठली आणि ती संपते कुठे. पहिली गोष्ट सगळेच सांगतात, दुसरीकडे लक्ष देत नाहीत आणि मग रंग फाइलभर सांडतात, म्हणून इथे शेवट कसा पकडायचा यावरच जास्त लिहितोय.

मार्कडाउनमध्ये काम अगदी सोपं, तीन बॅकटिकच्या पुढे लगेच भाषेचं नाव लिहा, बहुतेक एडिटर तेवढ्यावर रंग देतात. साध्या व्हिममध्ये मात्र कुठल्या भाषांना रंग द्यायचे त्यांची यादी मार्कडाउन-फेन्स्ड-लँग्वेजेस या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये टाकावी लागते. एसक्यूएलचा सपोर्ट असलेले जेटब्रेन्सचे एडिटर वापरत असाल तर स्ट्रिंगच्या वरच्या ओळीत लँग्वेज, बरोबरचं चिन्ह, एसक्यूएल अशी कॉमेंट टाका, रंगच काय, ऑटोकम्प्लीट पण मिळतं.

बाकी ठिकाणी आधी एक खूण ठरवा, जिच्यावरून एडिटरला आतली भाषा कळेल. नुसतं सिलेक्ट शब्द दिसला की एसक्यूएल समजायचं असला नियम लिहू नका, एखाद्या एरर मेसेजची सुरुवातच त्या शब्दाने झाली की तोही रंगतो. पायथनमध्ये तीन डबल कोटच्या पुढे लगेच --एसक्यूएल अशी कॉमेंट (रोमन लिपीत, अर्थातच) ही खूण चांगली चालते, डेटाबेसला ती साधी कॉमेंटच वाटते. पण एक सांभाळा, तुमचा कोड पुढे कुठे नव्या ओळी काढून सगळी क्वेरी एका ओळीत करत असेल तर अख्खी क्वेरीच कॉमेंट होऊन बसेल, तिथे स्लॅश-स्टारवाली कॉमेंट वापरा.

आता व्हीएस कोड. तिथे टेक्स्टमेट ग्रामर चालतं, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनचे नियम, आणि ते फाइल एकेक ओळ करून वाचतं. एक छोटं एक्स्टेन्शन बनवायचं, त्याच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये ग्रामर्सखाली तुमच्या ग्रामरचं स्कोप-नेम (स्कोप म्हणजे ग्रामर कोडच्या तुकड्याला देतं ते नाव, त्यावरून थीम रंग ठरवते) आणि पाथ द्यायचा, आणि इंजेक्ट-टू मध्ये सोर्स डॉट पायथन. ग्रामरच्या फाइलीत इंजेक्शन-सिलेक्टर असतो, त्याच्या सुरुवातीला इंग्रजी कॅपिटल एल आणि कोलन लावा, म्हणजे तुमचा नियम पायथनच्या स्वतःच्या नियमांच्या आधी तपासला जातो, नाहीतर पायथनचा स्ट्रिंगचा नियम आधी लागतो आणि तुमच्या नियमाचा नंबरच येत नाही. त्याच सिलेक्टरमध्ये कॉमेंट आणि स्ट्रिंग हे स्कोप वजा करून टाका. मग बिगिनमध्ये (नियम सुरू कुठे होतो) तीन कोट आणि खूण, एंडमध्ये (संपतो कुठे) तीन कोट, आणि पॅटर्न्समध्ये सोर्स डॉट एसक्यूएलचा इन्क्लूड, म्हणजे एसक्यूएलचे नियम आत येतात.

इथवर छान चालतं, आणि मग तुम्ही क्वेरीत व्हेअर सिटी बरोबर असं लिहून सिंगल कोट उघडता, बंद करायचा राहतो, आणि खालचा सगळा पायथन कोड स्ट्रिंगच्या रंगात जातो. कारण असं की टेक्स्टमेटमध्ये आतला नियम उघडा असेपर्यंत बाहेरच्या नियमाचा एंड तपासलाच जात नाही. एसक्यूएलची स्ट्रिंग उघडी आहे, त्यामुळे पायथनचे तीन कोट आले तरी ते तिच्यातलाच मजकूर समजले जातात.

यावर उपाय आहे, बिगिन-व्हाइल. बाहेर साधा बिगिन-एंड ठेवा, त्याच्या पोटात बिगिन-व्हाइलचा नियम टाका आणि एसक्यूएलचा इन्क्लूड त्याच्या आत न्या. व्हाइलची अट प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तपासली जाते आणि ती मोडली की आत जे काही उघडं असेल ते सगळं एकदम बंद होतं. अट एवढीच, की ही ओळ मोकळ्या जागेनंतर थेट तीन कोटांनी सुरू होत नसावी. व्हीएस कोडचं मार्कडाउन ग्रामर कोड ब्लॉकसाठी हेच करतं. बदल्यात शेवटचे तीन कोट कायम वेगळ्या ओळीवर ठेवावे लागतात, माझ्या मते हा सौदा परवडतो.

अजून दोन गोष्टी लोक विसरतात. कंटेंट-नेममध्ये मेटा डॉट एम्बेडेडने सुरू होणारा स्कोप द्या, व्हीएस कोडच्या डीफॉल्ट थीम त्यावरून आतला रंग रीसेट करतात. आणि पॅकेज डॉट जेसनमध्ये एम्बेडेड-लँग्वेजेसखाली तोच स्कोप एसक्यूएलशी जोडा, नाहीतर क्वेरीतली ओळ कंट्रोल-स्लॅशने कॉमेंट करायला जाल तर पुढे पायथनचा हॅश लागेल आणि क्वेरी मोडेल.

सबलाइम टेक्स्टमध्ये हा शेवटाचा प्रश्न मुळातच सोडवलाय, एम्बेडसोबत एस्केप द्यायचा, एस्केपचा पॅटर्न दिसला की आत काहीही उघडं असो, बाहेर. व्हिममध्ये तेच काम कीपएंड करतं, सिंटॅक्स इन्क्लूडने एसक्यूएलचा ग्रुप आणा आणि सिंटॅक्स रीजनमध्ये कीपएंड लिहायला विसरू नका. इन्क्लूडच्या आधी बफरचा करंट-सिंटॅक्स व्हेरिएबल अनलेट करा, बऱ्याच सिंटॅक्स फाइली तो सेट दिसला की काहीच न करता परत जातात आणि एररही येत नाही, तासभर कशात अडकलोय तेच कळत नाही. स्क्रोल केल्यावर रंग बिघडत असतील तर सिंटॅक्स सिंक फ्रॉमस्टार्ट.

निओव्हिममध्ये ट्री-सिटर (कोड वाचून त्याच्या रचनेचं झाड बनवणारी लायब्ररी) वापरत असाल तर सगळ्यात स्वच्छ काम होतं, कारण तिथे पायथनचा पार्सर आधी पूर्ण झाड बनवतो आणि स्ट्रिंग कुठे संपते हे तोच ठरवतो, आत काय मोडलंय याने फरक पडत नाही. आफ्टर, क्वेरीज, पायथन या फोल्डरांच्या आत इंजेक्शन्स डॉट एससीएम बनवा, पहिल्या ओळीत सेमीकोलन आणि एक्सटेंड्स हवंच, नाहीतर ट्री-सिटरच्या आधीच्या नियमांत तुमची भर पडत नाही. स्ट्रिंगचा मजकूर इंजेक्शन डॉट कंटेंट म्हणून पकडा, मॅचने खूण तपासा आणि भाषा सेट करा. एसक्यूएलचा पार्सर इन्स्टॉल केलेला हवा.

एफ-स्ट्रिंग (पायथनची, जिच्यात महिरपी कंसांत व्हेरिएबल घालता येतात ती स्ट्रिंग) असेल तर त्या कंसांमुळे मजकुराचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा वेगळा पार्स होतो. इंजेक्शन डॉट कम्बाइन्ड लावलं की ते जोडले जातात, पण मग फाइलीतल्या सगळ्याच क्वेरी मिळून एक डॉक्युमेंट समजलं जातं, एका क्वेरीतली गडबड दुसरीत दिसू शकते. मी तरी ते लावत नाही. तसंही व्हॅल्यू क्वेरीत थेट चिकटवण्यापेक्षा पॅरामीटरने द्याव्यात, मग तुकडे पडतच नाहीत.

रंग येत नसतील तर अंदाज लावत बसू नका. व्हीएस कोडमध्ये कमांड पॅलेटमधून इन्स्पेक्ट एडिटर टोकन्स अँड स्कोप्स चालवा, निओव्हिममध्ये इन्स्पेक्ट-ट्री. कर्सरखाली कुठला स्कोप आहे, किंवा निओव्हिममध्ये झाडाचा कुठला भाग आहे, ते तिथे स्पष्ट दिसतं. स्कोप बरोबर आहे पण रंग नाही तर थीम बघा, स्कोपच चुकीचा तर नियम बघा. आणि झालं म्हणण्याआधी क्वेरीतला एक बंद करणारा सिंगल कोट मुद्दाम पुसा, मग खालच्या पायथन फंक्शनचे रंग जागेवर आहेत का बघा.