परदेशातलं गिऱ्हाईक म्हणतं, "वस्तू मिळाली नाही", तेव्हा काय करावं

ब्रिटनमधल्या लीड्सहून एका गिऱ्हाइकाचा निरोप आला होता. बारा लाकडी फळांचा संच मागवला होता, खोक्यात अकराच निघाली, सीताफळ नाही. मी सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं आणि भातुकली परदेशात विकते, आणि प्रत्येक संच स्वतः मोजून भरते. त्यामुळे निरोप वाचल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की हा माणूस फुकटात काहीतरी उकळायला बघतोय. तसं उत्तर लिहायलाही घेतलं होतं. पाठवण्याआधी पोस्टाची पावती काढली आणि हात थांबला. पावतीवर वजन होतं १ किलो ३८० ग्रॅम. माझ्या वहीत त्याच संचाचं, खोक्यासकट, वजन लिहिलेलं होतं १ किलो ४६५ ग्रॅम. ८५ ग्रॅम कमी. सीताफळ साधारण तेवढंच भरतं. शोधाशोध केली तेव्हा ते टेबलाखाली, बबल रॅपच्या रोलमागे घरंगळून गेलेलं सापडलं.

त्या दिवसापासून अशी तक्रार आली की मी आधी कागद बघते आणि मग उत्तर लिहिते. तुम्हीही परदेशात माल पाठवत असाल, पैठणीच्या पर्स असोत, नथी असोत की गोधड्या, तर ही वेळ कधी ना कधी येणारच. तेव्हा काय करायचं ते क्रमाने सांगते.

१. तक्रार कोणत्या प्रकारची आहे ते आधी ओळखा

पार्सलच पोचलं नाही, ही एक तक्रार. पार्सल पोचलं पण आत काहीतरी कमी आहे, ही दुसरी. दोन्हींना आपण "वस्तू मिळाली नाही" असंच म्हणतो, पण नियमांच्या दृष्टीने त्या पूर्ण वेगळ्या आहेत आणि नवे विक्रेते इथेच फसतात.

पार्सल पोचलंच नसेल तर ट्रॅकिंगवरची "डिलिव्हर्ड" ही नोंद तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा असतो. ईबे हा ऑनलाइन बाजार ती मानतो. पेपाल या पैसे देण्या-घेण्याच्या सेवेचं विक्रेता संरक्षण, म्हणजे वादात विक्रेत्याचे पैसे राखणारी सोय, तीही अशाच तक्रारीसाठी आहे. पण तीन वस्तू मागवल्या आणि दोनच आल्या, तर पेपालच्या नियमांत ती तक्रार "माल वर्णनाप्रमाणे नाही" या सदरात जाते, आणि त्या सदराला विक्रेता संरक्षण लागू होत नाही. ईबेवरही खोक्यातली वस्तू कमी असल्याची तक्रार "वर्णनाप्रमाणे नाही" याच वाटेने जाते. म्हणजे "पार्सल पोचल्याची नोंद आहे, बघा" असं कितीही ओरडून सांगितलं तरी उपयोग नाही. पार्सल पोचलं हे गिऱ्हाईक मान्यच करतंय. तिथे तुम्हाला आत काय भरलं होतं ते दाखवावं लागतं.

२. घड्याळ लावा

ईबेवर तक्रार उघडली की विक्रेत्याला उत्तरासाठी कामकाजाचे ३ दिवस मिळतात. त्यानंतर गिऱ्हाईक ईबेला मध्ये बोलावू शकतं. एट्सी या हस्तकलेच्या ऑनलाइन बाजारात गिऱ्हाइकाने आधी तुम्हाला कळवायचं असतं आणि ४८ तासांत प्रश्न सुटला नाही तर ते केस, म्हणजे एट्सीकडे रीतसर तक्रार, उघडू शकतं. पेपालवर पैसे दिल्यापासून १८० दिवसांपर्यंत वाद उघडता येतो, आणि वाद उघडल्यावर २० दिवसांच्या आत त्याचा रीतसर क्लेम करता येतो, म्हणजे पेपालनेच निवाडा द्यावा असं सांगता येतं.

यातला ४८ तासांचा हिशेब सगळ्यात जाचक आहे. आमच्याकडे चतुर्थीत पाच-सात दिवस कुणी फोनकडे बघत नाही. सुट्टी घ्यायची असेल तर दुकानावर तशी पाटी आधीच लावा, आणि सुट्टीतही दिवसातून एकदा निरोप उघडून बघा. उत्तर वेळेत गेलं नाही म्हणून हातातली बाजू हरणं फार वाईट.

३. पहिलं उत्तर त्याच दिवशी, आणि त्याच जागी

निरोप ज्या संकेतस्थळावर आला तिथेच उत्तर द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा खाजगी मेलवर बोलणं नेलंत तर पुढे निवाडा करणाऱ्याला ते दिसत नाही.

पहिल्या उत्तरात तीन-चार छोटी वाक्यं पुरतात: तुम्हाला त्रास झाला याचं वाईट वाटतं, मी आज ट्रॅकिंग आणि माझ्या नोंदी तपासते, अमुक दिवसापर्यंत नक्की कळवते. मग जो दिवस सांगितलात तो पाळा. इंग्रजी सफाईदार नसलं तरी चालतं, फक्त वाक्यं लहान ठेवा. "तुम्ही नीट बघितलं का?" हा प्रश्न मात्र पहिल्या उत्तरात नको. आपल्याला तो साधा वाटतो, समोरच्याला तो आरोप वाटतो.

४. पार्सलच पोचलं नसेल तर

स्पीड पोस्टच्या किंवा रजिस्टर्ड पार्सलच्या क्रमांकात १३ खुणा असतात: आधी दोन अक्षरं, मग नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरं. हा साचा जगभरच्या टपालखात्यांचा एकच आहे. म्हणून तोच क्रमांक पोचणाऱ्या देशाच्या टपालखात्याच्या संकेतस्थळावर टाका. तिथे बहुतेक वेळा जास्त तपशील दिसतो. ब्रिटनला गेलेलं आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट तिथे पार्सलफोर्स ही पार्सल कंपनी घरोघर पोचवते, तेव्हा त्यांच्या संकेतस्थळावर बघा.

आता ट्रॅकिंग काय सांगतंय त्यावर पुढचं ठरतं.

"डिलिव्हर्ड" दिसत असेल तर गिऱ्हाइकाला शोधायला मदत करा. अमेरिकेतल्या एडिसनच्या एका काकूंनी नातीसाठी भातुकली मागवली होती. "अगं, इथे पोचलं असं दाखवतंय, पण दारात काहीच नाही," असा त्यांचा निरोप आला. मी त्यांना चार जागा लिहून दिल्या: सोसायटीचं ऑफिस, टपालपेट्यांजवळचा पार्सलचा मोठा कप्पा, शेजारचं घर, आणि घरातल्या दुसऱ्या कुणी उचलून ठेवलंय का ते. दुसऱ्या दिवशी पार्सल सोसायटीच्या ऑफिसात सापडलं. कॅनडात बऱ्याच वस्त्यांमध्ये घरोघर पेटी नसते, गल्लीच्या टोकाला सगळ्यांची एकत्र पेटी असते. ब्रिटनमध्ये पार्सल शेजाऱ्याकडे ठेवून दारात कार्ड टाकतात. ही माहिती तुम्ही दिलीत तर तुम्ही अंग झटकताय असं गिऱ्हाइकाला वाटत नाही.

पार्सल कस्टम्समध्ये अडकलेलं दिसत असेल तर बहुधा कर भरायचा राहिलेला असतो. युरोपियन युनियनने २२ युरोपर्यंतची करमाफी १ जुलै २०२१ पासून बंद केली. अमेरिकेतली ८०० डॉलरपर्यंतची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून गेली. पूर्वी लहान पार्सल सहज सुटायचं, म्हणून जुन्या गिऱ्हाइकांना याची कल्पनाच नसते. कर भरण्याची चिठ्ठी किंवा मेसेज आला असेल तर ते त्याला फसवणुकीचा मेसेज समजून बाजूला टाकतात. "तुम्हाला टपालखात्याकडून काही सूचना आली आहे का?" एवढं विचारा. आणि आलेल्या मेसेजमधल्या दुव्यावर बोट न ठेवता टपालखात्याच्या संकेतस्थळावर स्वतः पार्सल क्रमांक टाकून पाहायला सांगा, कारण असे खोटे मेसेजही खूप फिरतात.

ट्रॅकिंग मध्येच थांबलं असेल तर चौकशी तुम्ही सुरू करायची. पाठवणाऱ्याने आपल्या देशातल्या टपालखात्याकडे अर्ज करायचा आणि मग दोन्ही देशांची टपालखाती आपापसांत शोध घ्यायची, अशी पद्धत आहे. गिऱ्हाइकाला तिथल्या पोस्टात पाठवलंत तर "पाठवणाऱ्याला सांगा" असंच उत्तर मिळतं. रजिस्टर्ड टपाल आणि पार्सलसाठी ही चौकशी, पाठवल्यापासून ६ महिन्यांच्या आत मागावी लागते. स्पीड पोस्टसाठी तर अजिबात थांबू नका. बुकिंगची पावती आणि कस्टम्सच्या घोषणापत्राची प्रत जवळ ठेवा. चौकशीचं उत्तर यायला वेळ लागतो, तोवर गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणं बरोबर नाही. पोस्टाची भरपाई आणि गिऱ्हाइकाचे पैसे हे दोन वेगळे हिशेब आहेत.

कायदाही हेच सांगतो. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार माल ग्राहकाच्या प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत जोखीम विक्रेत्याची असते. युरोपियन युनियनमध्येही सर्वसाधारणपणे तोच नियम आहे. "मी पोस्टात दिलं, माझं काम संपलं" हे तिथल्या ग्राहकाला सांगून चालत नाही.

५. खोक्यातली वस्तू कमी असेल तर

इथे जरा सावकाश जायला हवं. आधी आपल्या घरात शोधा: टेबलाखाली, पॅकिंगच्या कागदांत, दुसऱ्या ऑर्डरच्या खोक्यात. मग पोस्टाच्या पावतीवरचं वजन बघा. त्यावर पोस्टाच्या काट्याने घेतलेलं वजन असतं, आणि ते तुम्ही किंवा गिऱ्हाइकाने लिहिलेलं नसल्यामुळे दोघांनाही मान्य करावं लागतं.

नंतर गिऱ्हाइकाकडे फोटो मागा. एकच फोटो पुरत नाही. खोक्याच्या सगळ्या बाजू, पत्त्याचं लेबल, चिकटपट्टी, आतलं पॅकिंग आणि आलेल्या सगळ्या वस्तू एकत्र मांडून, असे फोटो हवेत. चिकटपट्टी नीट बघा. कस्टम्सवाले पार्सल उघडून तपासतात आणि त्यांची पट्टी लावून बंद करतात. आपल्या तपकिरी पट्टीवर दुसरीच पट्टी दिसली, तर वस्तू वाटेत बाहेर राहिली असण्याची शक्यता उभी राहते. खोका कोपऱ्यात फाटलेला असेल तर पोस्टाकडे तक्रार करताना तोच फोटो कामाला येतो. पॅकिंगचा कागद फेकण्याआधी उलगडून बघायला सांगा. भातुकलीचं बोटभर लाटणं कागदाच्या घडीत बसतं आणि कागदासकट कचऱ्यात जातं, हे मी दोनदा पाहिलंय.

तिकडच्या बऱ्याच घरांत स्वयंपाकघरात लहान काटा असतो. आलेलं सगळं, खोका आणि कागदासकट, त्यावर ठेवून फोटो पाठवता येईल का, असं विचारा. पावतीवरच्या वजनाशी ते जुळलं, म्हणजे निघालं तेवढंच पोचलं. मग वस्तू आपल्याकडूनच राहिली असेल किंवा कागदात असेल. तिकडचं वजन कमी भरलं तर ती वाटेत गेली किंवा पार्सल उघडल्यावर हरवली. दोन्ही वेळा शोध कुठे घ्यायचा ते कळतं.

६. निर्णय: वस्तू पाठवायची की पैसे परत

चूक आपली असेल तर कुणी विचारायच्या आधी कबूल करा. मी लीड्सच्या गृहस्थांना सीताफळाचा टेबलाखालचा फोटोच पाठवला आणि दुसऱ्या दिवशी ते रवाना केलं.

संचातला एखादाच नग कमी असेल तर आधी विचारा: तेवढी वस्तू पाठवू, की तेवढ्याची रक्कम परत करू? लहान वस्तूला टपालखर्च वस्तूपेक्षा जास्त पडतो, आणि पुष्कळ लोक रक्कम घेऊन समाधानी होतात. बदली वस्तू पाठवताना घोषणापत्रावर "भेट" असं लिहू नका. ते खोटं आहे, आणि अशा नोंदीमुळे पार्सल अडकतं. वस्तूचं खरं नाव, खरी किंमत आणि आधीच्या ऑर्डरमधला राहिलेला नग असा उल्लेख करा.

पैसे परत करायचे तर उघडलेल्या केसमधूनच, ज्या वाटेने आले त्याच वाटेने. दुसऱ्या खात्यावर किंवा दुसऱ्या ॲपवर पाठवा, असं गिऱ्हाइकाने सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. बाहेरून पैसे दिलेत आणि मागाहून त्याने कार्डाच्या बँकेतून पैसे परत ओढले, तर एका संचाचे दोनदा पैसे जातात.

७. तक्रार खोटी वाटत असेल तर

नवीन खातं, महागडी ऑर्डर, फोटो द्यायला टाळाटाळ, आणि पोचल्याची नोंद झाल्यावर लगेच पूर्ण रकमेची मागणी, हे सगळं एकत्र दिसलं तर सावध व्हा. तरीही निरोपात "फसवणूक" हा शब्द लिहू नका. पावती, वजन, पॅकिंगचे फोटो आणि ट्रॅकिंग केसमध्ये जोडा आणि दोन ओळींत घटनाक्रम सांगा. निवाडा काहीही लागो, ईबेवर अशा गिऱ्हाइकाची तक्रार नोंदवता येते आणि पुढची खरेदीही अडवता येते. ७५० डॉलर किंवा त्याहून मोठी ऑर्डर असेल तर ईबे पोचल्याच्या पुराव्यात सही मागतं. तेव्हा अशी ऑर्डर सहीशिवाय पाठवू नका, टपालखर्च वाढला तरी.

८. पुढच्या पार्सलपासून

पॅकिंगचं टेबल मोकळं करा. सगळे नग ओळीने मांडून ऑर्डर क्रमांकाच्या चिठ्ठीसकट एक फोटो, खोक्यात भरल्यावर दुसरा, आणि बंद खोका काट्यावर असताना आकडा दिसेल असा तिसरा. तीन फोटोंना दोन मिनिटं लागत नाहीत. आमच्या काट्याचा आकडा आणि वहीतलं ठरलेलं वजन यांत पाच ग्रॅमचा जरी फरक आला तरी खोका परत उघडतो. आत एक छापील यादीही ठेवते, नगांची नावं आणि संख्या लिहून, म्हणजे उघडणारा मोजून घेतो आणि कागद फेकण्याआधी शोधतो.

हे फोटो आणि पावत्या ऑर्डर पोचली म्हणून लगेच पुसू नका. पेपालचे १८० दिवस पैसे दिल्याच्या तारखेपासून मोजले जातात. मी प्रत्येक महिन्याचं एक पाकीट करते, त्यावर सात महिन्यांनंतरची तारीख घालते, आणि ती तारीख उलटल्यावरच फोनमधले फोटो काढून टाकते.