हाडांसाठी बेरी: किती, कशी आणि कशासोबत

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, पेशींवरचा ऑक्सिडेशनचा ताण (म्हणजे घातक रेणूंमुळे होणारी पेशींची हानी) वाढतो आणि हाड झिजवणाऱ्या पेशी जास्त जोमाने काम करू लागतात. बेरींचा गडद रंग ज्या अँथोसायनिनमुळे येतो, ते हा ताण कमी करायला मदत करतं. अंडाशय काढलेल्या, म्हणजे रजोनिवृत्तीसारखी स्थिती आणलेल्या उंदरांना ब्लूबेरी खाऊ घातल्यावर त्यांची हाडांची झीज कमी झालेली दिसली. माणसांमधला पुरावा मात्र अजून तोकडा आहे, म्हणून बेरीला औषध समजून हाडांच्या गोळ्या बंद करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

महागडी आयात ब्लूबेरीच हवी असं मुळीच नाही. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, उन्हाळ्यात करवंदं, मग जांभळं. तुती मिळाली तर उत्तमच! १०० ग्रॅम स्ट्रॉबेरीत साधारण ६० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं आणि हाडांमधल्या कोलॅजेन या प्रथिनाला ते लागतंच. कॅल्शियम मात्र जेमतेम १६ मिलिग्रॅम. त्यामुळे वाटीभर फळं दह्यात घालून खा, किंवा नाचणीच्या आंबिलासोबत घ्या. नाचणीत १०० ग्रॅमला ३४० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं.

जॅम आणि सरबतात साखर भरपूर, शिवाय शिजवताना क जीवनसत्त्व बरंच नष्ट होतं. ताजं फळच खा. स्ट्रॉबेरी देठासकट धुवा, देठ नंतर काढा, नाहीतर पाणी आत शिरून फळ पचपचीत होतं. जास्त आणली असेल तर धुऊन, कोरडी करून फ्रीझरमध्ये ठेवा. अँथोसायनिन बऱ्यापैकी टिकतं.