ब्रेकच्या एडीवर ‘लागू नाही’ लिहिण्यापूर्वी

एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे आपली एडी, हा नियामकाचा बंधनकारक सुरक्षा-आदेश, आणि सर्व्हिस बुलेटिन हे निर्मात्याचे तांत्रिक पत्रक; यांतला फरक विमान-देखभालीच्या परवान्याच्या परीक्षेपुरता सर्वांनाच येतो, त्यामुळे तो मी अधिक सांगत बसत नाही. एवढे मात्र ध्यानात असू द्या, की फेनॉम १०० किंवा सायटेशन मस्टँग यांसारख्या छोट्या जेटना थ्रस्ट रिव्हर्सर, म्हणजे इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग कमी करणारी यंत्रणा, नसते. धावपट्टीवर उतरल्यावर बहुतेक सारा भार चाकांच्या ब्रेकवर येतो, आणि म्हणूनच ब्रेकसंबंधीची एडी हातात आली की ती सावकाश वाचावी.

मी ती घाईने वाचली. ब्रेक कंट्रोल युनिटविषयीच्या त्या एडीत विमानांचे सिरियल नंबर दिलेले होते. आमचे विमान त्या यादीत नव्हते, म्हणून मी नोंदीत ‘लागू नाही’ असे लिहिले आणि पुढच्या कामाला लागलो. त्याच परिच्छेदात, दोन ओळी खाली, अमुक पार्ट नंबरचे युनिट नंतर बसवलेली विमानेही लागू धरावीत, असे स्पष्ट लिहिले होते. विमानाचा सिरियल नंबर कारखान्यातून निघताना ठरतो आणि कायम राहतो, युनिट मात्र बदलले जाते. आमच्या विमानाचे मूळ युनिट बिघडल्यावर स्टोअरमधले जुन्या साठ्यातले युनिट कोणीतरी बसवले होते. आमच्या ज्येष्ठ निरीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, “नेमप्लेट पाहिलीस का?” मी फक्त लॉगबुक पाहिले होते. टॉर्च आणि आरसा घेऊन आत वाकलो, तेव्हा आरशात उलट दिसणारा तोच पार्ट नंबर वाचताना माझे हात गार पडले.

अमेरिकी नियमांच्या भाग ३९ नुसार एडी न पाळता केलेले प्रत्येक उड्डाण हे स्वतंत्र उल्लंघन ठरते. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, पण ती समजली त्या दिवशी.

घाबरून जाऊ नका; अशा चुका बहुधा उड्डाणापूर्वीच पकडल्या जातात, आणि त्यासाठीच दुसऱ्या माणसाची सही असते. मात्र एडींची नोंद ठेवणाऱ्या ट्रॅकिंग सॉफ्टवेअरने हिरवी खूण दाखवली म्हणून निश्चिंत होणाऱ्यांचा मला राग येतो, कारण ती खूण माझ्यासारख्याच कोणीतरी भरलेल्या माहितीवर उमटते. तयार तक्ता हाती देणाऱ्या गुरूपेक्षा विमानाखाली पाठवणारा गुरू धरा, मग तो कितीही खेकसला तरी चालेल.

आणखी एक. एडीत बुलेटिनची जी आवृत्ती नमूद असेल, तीच वापरा. नंतरची आवृत्ती एडीच्या मजकुरातच मान्य केलेली नसेल, तर नियामकाची पर्यायी पद्धतीची मंजुरी घ्यावी लागते. फेनॉमसाठी मूळ आदेश ब्राझीलच्या ‘आनाक’ या विमान वाहतूक नियामकाचा आणि सायटेशनसाठी अमेरिकेच्या ‘एफएए’ या नियामकाचा असतो, तेव्हा दोन्हींकडे लक्ष ठेवा.

हल्ली मी नुसते ‘लागू नाही’ असे लिहीत नाही. युनिटचा पार्ट नंबर, सिरियल नंबर आणि नेमप्लेट प्रत्यक्ष वाचल्याची तारीख त्याच ओळीत लिहितो.