इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरचं बेअरिंग घरी बदलताना

रेवा-आय आणि ई-टू-ओ या छोट्या गाड्या पुण्याच्या पेठांतून अजूनही अधूनमधून दिसतात. दोन्ही ४८ व्होल्टच्या, दोन्हींत इंडक्शन मोटर, तीही मागच्या चाकांपाशी. माझ्याकडेही याच जातीची एक जुनी गाडी आहे. भोसरीच्या कारखान्यांत मी बॅटरीवरच्या फोर्कलिफ्टची देखभाल करत आले आणि त्यांच्या मोटर याच घराण्यातल्या असतात. म्हणून खात्रीने सांगते, आवाज यायला लागला की ‘मोटरच बदला’ हे पहिलं उत्तर नव्हे. बऱ्याचदा गेलेलं असतं ते बेअरिंग, आणि ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये बदलता येतं.

मात्र हे सगळं ६० व्होल्टच्या आतल्या गाडीपुरतं. डीसीमध्ये त्याच्या वरचं व्होल्टेज वाहनांच्या सुरक्षानियमांत ‘हाय व्होल्टेज’ धरतात. नेक्सॉन ईव्हीसारख्या गाडीत ते तीनशेच्या पुढे असतं. शिवाय आजच्या बहुतेक मोटरच्या रोटरमध्ये, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागात, कायमचे चुंबक असतात. तो रोटर बाहेर काढताना झटक्यात स्टेटरला, म्हणजे भोवतीच्या स्थिर भागाला, चिकटतो आणि मध्ये आलेलं बोट चिरडतं. अशी गाडी असेल तर इथेच थांबा. इंडक्शन मोटरच्या रोटरला चुंबक नसतात, तो सरळ हाताने निघतो.

आधी आवाज ओळखा. वळण घेताना घरघर वाढत-कमी होत असेल तर चाकाचं बेअरिंग बघा. पेडल दाबल्यावर एक आणि सोडल्यावर वेगळाच सूर लागत असेल तर गिअरवर संशय घ्या. पेडल काहीही करो, वेगाबरोबर एकसारखी चढत जाणारी किणकिण किंवा घरघर असेल तर मोटर. न्यूट्रलमध्येही ती थांबत नाही, कारण मोटर चाकांना कायम जोडलेली असते. गाडी घोड्यांवर (खाली लावायच्या लोखंडी स्टँडवर) घ्या, चाक हाताने फिरवा आणि लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या कव्हरला लावून मूठ कानाशी धरा. दोन्ही टोकं ऐका. खराब टोक लपत नाही.

४८ व्होल्टचा झटका सहसा बसत नाही म्हणून निष्काळजी होऊ नका. बॅटरीच्या दोन टोकांवर पान्हा आडवा पडला तर तो वितळतो. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा, पान्ह्यांना टेप गुंडाळा, चावी काढा, मुख्य डिस्कनेक्ट उघडा. मोटरला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. थोडं थांबून मल्टीमीटर लावा आणि आकडा शून्याजवळ आला की मगच हात घाला. मोटरच्या तीन जाड केबलींवर यू, व्ही, डब्ल्यू असं लिहून फोटो काढा. त्यातल्या दोन उलटसुलट झाल्या तर मोटर उलटी फिरू पाहते.

मोटर उतरवायला ट्रॉली जॅक आणि दुसरा माणूस हवाच. मी भाच्याला बोलावते. गिअरबॉक्सकडचे बोल्ट काढण्याआधी मोटरला खालून आधार द्या, सगळा भार शाफ्टच्या स्प्लाइनवर (दातेरी टोकावर) लटकू देऊ नका. उघडण्यापूर्वी दोन्ही कव्हरवर आणि बॉडीवर सेंटर पंचने खुणा करा. कव्हरच्या खोबणीत लाटेसारखी वाकवलेली एक पातळ वॉशर असते. ती बेअरिंगवर हलका दाब ठेवते. ती जपून ठेवा, विसरली तर नवं बेअरिंगही वाजेल. सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी कडी) काढून पुलरने बेअरिंग ओढा. बेअरिंगमधून वायर बाहेर येत असेल तर त्यातच स्पीड सेन्सर आहे, तिथे साधं बेअरिंग चालणार नाही.

आता घाईने दुकानात पळू नका. जुनं बेअरिंग वाचा, कारण ज्या कारणाने ते गेलं ते कारण नव्यालाही खाणार आहे. सील काढा, ग्रीस बघा, डोळ्यांना गॉगल लावून ग्राइंडरने बाहेरची रिंग कापा. ग्रीस तांबूस आणि आत गंज असेल तर पाणी शिरलंय. खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर नदीपात्रातल्या रस्त्याने गाडी घालणाऱ्यांना हे सांगायला नको. तिथे ऑइल सीलही बदला. रिंगच्या धावेवर (गोळ्या फिरतात त्या खोबणीवर) पन्हाळी पत्र्यासारख्या समान अंतराच्या आडव्या रेघा आणि ग्रीस काळं पडलेलं दिसलं, तर ते विजेचं काम. कंट्रोलर अतिशय वेगाने व्होल्टेज चालू-बंद करतो, त्यामुळे शाफ्टवर व्होल्टेज साठतं आणि ग्रीसच्या पातळ थरातून ठिणग्यांनी बॉडीकडे जातं. अशा वेळी तसंच बेअरिंग पुन्हा बसवणं म्हणजे पुढच्या खर्चाची तयारी. सिरॅमिक गोळ्यांचं हायब्रिड बेअरिंग घ्या किंवा शाफ्टला ग्राउंडिंग रिंग लावा. महाग पडतं, पण मी इथे काटकसर करत नाही.

नंबर रिंगवरच असतो. समजा ६२०६ असेल, तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणा: आतला व्यास ३० मिलिमीटर. बाहेरचा ६२, जाडी १६. नंबरापुढची अक्षरंही जुळवा. ‘सी३’ म्हणजे आत जास्त ढिलाई, मोटर तापते म्हणून ती दिलेली असते. ते सोडून दुसरं घेऊ नका. एसकेएफचा कारखाना आपल्या चिंचवडला आहे, तरी बाजारात नामांकित कंपन्यांच्या बनावट खोक्यांची कमी नाही. अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासकट घ्या.

बसवण्याआधी शाफ्ट मायक्रोमीटरने मोजा. ३० च्या बेअरिंगला शाफ्ट ३० पेक्षा काही मायक्रॉन जाडच हवा. बरोबर ३० किंवा कमी भरला, जागा आरशासारखी चकचकीत दिसली, तर आतली रिंग शाफ्टवर फिरत होती. पंचने टोचे मारून ती घट्ट करायचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. भोसरीत मेटल स्प्रे करून पुन्हा मापात ग्राइंड करून देतात, तेच करा.

बेअरिंग तापवून बसवा. सीलबंद असेल तर ८० अंशांच्या वर नको, नाहीतर सील आणि ग्रीस दोन्ही जातात. ज्योत तर कधीच नाही. तापल्यावर ते हाताच्या दाबाने सरकतं. ठोकावं लागलंच तर फक्त आतल्या रिंगवर टेकणारा पाइप वापरा. बाहेरच्या रिंगवर दिलेला दाब गोळ्यांमधून जातो आणि धावेवर कायमचे खड्डे पडतात. ॲल्युमिनियमचं कव्हर हॉट एअर गनने गरम केलं की ते बाहेरच्या रिंगवर अलगद उतरतं. कव्हरचे बोल्ट आलटूनपालटून आवळा आणि दर फेरीला शाफ्ट हाताने फिरवून बघा.

केबल जोडण्याआधी मेगरने इन्सुलेशन तपासा. कंट्रोलर जोडलेला असताना मेगर लावलात तर कंट्रोलर गेला. मग मोटर चढवा, केबलच्या टोकांचे लग नीट आवळा, चाकं अधांतरी ठेवून हळू फिरवा, आधी पुढे, मग मागे. सगळं शांत असेल तर बाणेर-पाषाण लिंक रोडवर पहाटे एक सावकाश फेरी मारा आणि परतल्यावर मोटरच्या दोन्ही टोकांना हात लावा. दोन्ही सारखीच कोमट असली की काम झालं. एकच टोक जास्त तापलं असेल तर तिथली रिंग कव्हरमध्ये तिरकी बसली आहे किंवा वॉशर नीट बसलेली नाही. तशी गाडी चालवत राहू नका, त्याच दिवशी ते कव्हर उघडा.