बाळासह न्यूयॉर्कला जाताना या चुका टाळा

नाशिकच्या आमच्या गंगापूर रोड परिसरातून दरवर्षी दोन-तीन कुटुंबे तान्ह्या बाळाला घेऊन न्यूयॉर्कला भावाकडे किंवा नणंदेकडे राहायला जातात. माझी मुलगी दहा महिन्यांची असताना मी तिथे पाच आठवडे राहून आले असल्यामुळे निघण्यापूर्वी बहुतेक जण मला भेटून जातात. त्यांचे प्रश्न सामानाच्या वजनाचे, विमानातील पाळण्याचे आणि पाहण्यासारख्या ठिकाणांचे असतात. रात्री दोन वाजता बाळाला ताप भरला तर काय करायचे, हे मात्र क्वचितच कुणी विचारते. आणि परत आल्यावर त्याच त्या चुकांच्या हकिकती ऐकाव्या लागतात.

सर्वांत मोठी चूक तापाच्या औषधाची होते आणि ती माझ्या हातूनही झाली आहे. आपल्याकडे पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स सहसा एका मिलीलिटरला १०० मिलिग्रॅम असतात, तर सिरप पाच मिलीलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचे मिळते आणि २५० मिलिग्रॅमचेही मिळते. अमेरिकेत हेच औषध ‘अॅसिटामिनोफेन’ या नावाने विकले जाते आणि लहान मुलांसाठीच्या द्रव औषधात पाच मिलीलिटरला १६० मिलिग्रॅम असते. म्हणजे तिथल्या बाटलीतला एक मिलीलिटर केवळ ३२ मिलिग्रॅमचा होतो. नाशिकच्या डॉक्टरांनी मला ‘ताप आल्यास एक मिली’ एवढेच लिहून दिले होते आणि मी ते आकड्यासकट पाठ केले होते. ड्रॉप्सची बाटली मात्र स्वयंपाकघराच्या ओट्यावरच राहून गेली.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात दिरांच्या घरी तिसऱ्या रात्री मुलीला १०२ ताप चढला. माझे यजमान औषधाच्या दुकानात गेले, तेथे पॅरासिटामॉल नावाचे काहीच नसल्यामुळे बराच वेळ शोधत राहिले आणि शेवटी तिथले औषध घेऊन आले. मी सवयीने एक मिली पाजले. पाऊण तासाने ताप तसाच होता, म्हणून पुन्हा एक मिली दिले. तेवढ्यात जाऊबाईंना कपाटात भारतातून आणलेले सिरप सापडले. ‘आपले औषध लगेच लागू पडते’ असे म्हणून त्यांनी एक चमचा पाजला. थोड्या वेळाने मी दोन्ही बाटल्या दिव्याखाली धरून बारीक अक्षरे वाचली, तेव्हा ते सिरप २५० मिलिग्रॅमचे असल्याचे आणि दीड तासात आठ किलोच्या बाळाच्या पोटात ३१४ मिलिग्रॅम औषध गेल्याचे लक्षात आले. बाळाच्या वजनाला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे तिला एका वेळी फार तर १२० मिलिग्रॅम चालले असते. अमेरिकेत विषबाधेसंबंधी सल्ला देणारा १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य चालतो. फोनवरच्या बाईंनी शांतपणे वय, वजन, मिलिग्रॅम आणि प्रत्येक वेळ विचारली, एवढ्याने अपाय होणार नाही असे सांगितले आणि पुढचे अनेक तास या औषधाचा एक थेंबही न देण्याची ताकीद दिली. सकाळपर्यंत मी तिच्या श्वासाकडे पाहत बसून होते.

तेव्हापासून मी प्रत्येकाला डॉक्टरांकडून मिलिग्रॅममध्येच लिहून आणायला सांगते. निघण्याच्या आदल्या आठवड्यात बाळाचे वजन करावे आणि त्या वजनाला किती मिलिग्रॅम व किती तासांनी, हे लिहिलेली चिठ्ठी पासपोर्टच्या पाकिटात ठेवावी. औषध चमच्याने मोजूच नये. मिलीलिटरच्या खुणा असलेली सिरिंजच वापरावी. घरात तापाची एकच बाटली उघडी असावी, औषध एकाच व्यक्तीने द्यावे आणि दिल्याबरोबर वेळ कागदावर लिहावी. हे कंटाळवाणे वाटते, पण प्रवासाने थकलेल्या चार मोठ्या माणसांच्या घरात प्रेमापोटी दोनदा औषध दिले जाणे फार सोपे असते. बाळ तीन महिन्यांहून लहान असेल, तर १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप दिसताच मनाने औषध न देता सरळ डॉक्टरांना गाठावे. तिथले उपचार अतिशय महाग असल्यामुळे बाळाचाही प्रवासविमा काढलेला असावा. ‘दोन आठवड्यांत काय होणार आहे’ हे वाक्य मी आता ऐकून घेत नाही.

दुसरी चूक आजीच्या मायेतून होते, म्हणून ती दाखवून देणे अवघड जाते. बाहेर बर्फ आहे, या धास्तीने बाळाला स्वेटर, मोजे आणि कानटोपी घालून वर जाड रजई पांघरली जाते. नाशिकच्या जानेवारीत घरातही गारठा असतो, त्यामुळे ही सवय आपल्याकडे योग्यच आहे. न्यूयॉर्कमध्ये मात्र १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात घरमालकाने घर गरम ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि जुन्या इमारतींतल्या वाफेच्या रेडिएटरमुळे खोली कित्येकदा नको तितकी तापते. लहान बाळ डोक्यावाटे बरीच उष्णता बाहेर टाकते, आणि झोपेत अंग फार तापणे हे बाळाच्या आकस्मिक मृत्यूचा धोका वाढवणारे एक कारण मानले जाते. घरात शिरताच कानटोपी काढावी, मानेमागे हात लावून पाहावा आणि घाम जाणवल्यास एक कपडा कमी करावा. बाळाला उताणे, सपाट व घट्ट गादीवर, रजई-उशीशिवाय झोपवावे. पाहुण्यांच्या मऊ सोफ्यावर बाळाला कुशीत घेऊन डुलकी काढणे सर्वांत घातक आहे, आणि पहिल्या चार-पाच रात्री हा मोह हमखास होतो, कारण साडेनऊ-साडेदहा तासांच्या फरकामुळे बाळ मध्यरात्री टक्क जागे असते. म्हणूनच पहिल्या दोन दिवसांत कोणताही बेत आखू नये, असे माझे ठाम मत आहे. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचे तिकीट काढणाऱ्या आई-वडिलांना एवढी घाई कशाची असते, हे मला कळलेले नाही.

रांगणारे बाळ असेल, तर तापलेल्या रेडिएटरसमोर खुर्च्या लावाव्यात. कुणी माळ्यावरचा जुना पाळणा काढून दिला, तर त्याची एक बाजू खाली सरकते का ते पाहावे. असे पाळणे विकायला अमेरिकेत २०११ पासून बंदी आहे. गुटीतला मध वर्षाच्या आतल्या बाळाला इथेही देऊ नये आणि तिथेही देऊ नये. काजळाची डबी घरीच ठेवावी, कारण काही काजळांत शिसे आढळलेले आहे.

रस्ता ओलांडण्याविषयी थोडे सविस्तर सांगते. द्वारका चौकात हात दाखवून वाहने थांबवण्याची आपली सवय असते आणि नजर आधी उजवीकडे जाते. तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे पहिली गाडी डावीकडून येते. त्यातच बाबागाडी आपल्या पुढे हातभर असते. दोन उभ्या गाड्यांमधून आपण डोकावून पाहीपर्यंत बाळ रस्त्यात पोचलेले असते. चालणाऱ्यांचा दिवा लागलेला असतानाही वळणारी वाहने त्याच पट्ट्यांवरून जातात आणि कडेच्या सायकलमार्गावरून विजेच्या सायकली उलट दिशेनेही येतात. मी कायम कोपऱ्यावरच रस्ता ओलांडते, बाबागाडी फुटपाथच्या कडेपासून दोन पावले मागे धरते आणि वळणाऱ्या चालकाची नजर आपल्यावर पडल्याशिवाय चाक खाली उतरवत नाही.

सबवेच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, फलाटावर बाबागाडी रुळांना समांतर उभी करावी आणि ब्रेक लावूनही दांडा सोडू नये. शहरातील ४७२ स्थानकांपैकी सुमारे एक तृतीयांश स्थानकांतच लिफ्टची सोय आहे, आणि असलेली लिफ्टही अधूनमधून बंद असते. अशा वेळी बाळासकट बाबागाडी उचलून जिना उतरणारी जोडपी मी रोज पाहत होते. पुढे चाललेल्याचा पाय ओल्या पायरीवरून घसरला, तर मागच्याला एकट्याने ते वजन सावरता येत नाही. बाळाला काढून छातीशी बांधावे, हनुवटी छातीला टेकलेली नाही आणि नाक-तोंड मोकळे आहे हे पाहावे आणि गाडी मिटून दुसऱ्याच्या हाती द्यावी. एकटीच असेन, तर मी सबवेचा नाद सोडून बसने जात असे. बसला वेळ जास्त लागतो, म्हणून दिवसाकाठी मी एकच ठिकाण ठरवत असे आणि बाळ झोपण्याच्या वेळेआधी घरी परतत असे.